विनंती थांबा

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून मी तीस वर्षं काढली. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, यातच उमेद गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही चार मित्रांनी ब्रह्मपुत्रेतून दिब्रुगड ते गुवाहाटी असा होडीचा प्रवास ठरवला, तेव्हा वेळापत्रक अर्थातच माझ्याकडे आलं. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, दिवस बारा. कुठं जेवायचं, कुठं मुक्काम, सगळं मी पुण्यात बसून वहीत लिहून काढलं.

ही गोष्ट जानेवारी २०१९ मधली. होडी लाकडी, तिला डिझेलचं इंजिन. त्याच्या आवाजावरून तिकडे अशा होडीला 'भुटभुटी' म्हणतात. नावाडी साठीचे. त्यांना आम्ही 'खुरा' म्हणायचो. खुरा म्हणजे असमिया भाषेत काका. पहिल्याच दिवशी बोगीबीलच्या पुलाखालून गेलो. जवळजवळ पाच किलोमीटर लांबीचा हा पूल डिसेंबर २०१८ मध्ये नुकताच सुरू झाला होता. तो मागं पडला आणि पुढं नुसतं पाणी आणि वाळू.

सदिया ते धुबरी हा ब्रह्मपुत्रेचा ८९१ किलोमीटरचा पट्टा १९८८ पासून राष्ट्रीय जलमार्ग आहे. मार्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रस्ता येतो. पण हिवाळ्यात पाणी उतरलं की या नदीच्या दहा नद्या होतात. आज जिथून होडी गेली, तिथं महिन्याभरानं वाळू असते. खुरांचा मुलगा पुढं उभा राहून लांब बांबूनं खोली बघायचा आणि ओरडून सांगायचा.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून आमच्यातल्या एकाला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, पायात गोळे यायला लागले. माझ्या वहीप्रमाणे संध्याकाळी निमातीघाट यायला हवा होता. तिथून जोरहाट जवळ, म्हणजे डॉक्टर मिळणार. पण तीन वाजता खुरांनी होडी काठाकडे वळवली. मी चिडलो. म्हटलं, माणूस आजारी आहे आणि तुम्हाला विसावा सुचतोय? ते मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले, ''अंधारात वाळूत रुतलो तर रात्र पाण्यावर काढावी लागेल. याला ती झेपणार नाही.'' तिकडे जानेवारीत साडेचारलाच सूर्य मावळतो आणि मागोमाग धुकं उतरतं. माझ्या वहीत सूर्य पुण्याचा होता!

आम्ही उतरलो ती एक चापोरी होती. चापोरी म्हणजे नदीतलं वाळूचं, गाळाचं बेट. मोहरी पिवळीधमक फुललेली. पलीकडे मिसिंग लोकांची बांबूच्या खांबांवर उचललेली दहा-बारा घरं. त्यांना चांगघर म्हणतात. खुरा ओळखीच्या घरी गेले, चार शब्द बोलले, आणि आमच्या मित्राला वर नेऊन घराच्या मधोमध असलेल्या चुलीशेजारी निजवलं. घरातल्या आजींनी भात मऊ शिजवला, त्याचं पाणी काढून त्यात मीठ घातलं आणि वाटीवाटीनं पाजायला सांगितलं. माझं आजोळ कोकणातलं. म्हटलं, अरे, ही तर आपली पेज! रात्रभर आम्ही आळीपाळीनं त्याला ती पाजत बसलो. दोनच्या सुमारास त्याला लघवी झाली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

सकाळी साडेनऊपर्यंत धुक्यात स्वतःचा हात दिसेना. धुकं विरल्यावर आजींच्या नातवानं सांगितलं, आज शेजारच्या चापोरीवर दवाखान्याची बोट यायची आहे. आसाममध्ये २००५ साली असा पहिला बोटदवाखाना सुरू झाला, पुढं त्यांची संख्या वाढली. ठरल्या दिवशी बोट काठाला लागते; डॉक्टर, नर्स, औषधं, लसी सगळं बोटीवर. आम्ही पोचलो तर तिथं बाळं घेऊन आलेल्या आयांची रांग होती. डॉक्टरांनी मित्राला तपासलं, गोळ्या आणि क्षारांची पाकिटं दिली, आणि दोन दिवस हलू नका म्हणाले. पेजेचं ऐकल्यावर म्हणाले, ''रात्री तेच योग्य झालं.''

मग दोन दिवस राहिलो. मी आजींना विचारलं, तुमचं गाव इथं किती वर्षं? त्या हसल्या. नातवानं सांगितलं, हे घर पाचव्या जागेवर आहे. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात डोंगर कोसळले, नदीत गाळ आला, पात्र उथळ झालं आणि नदी आडवी पसरून काठ खाऊ लागली. जवळच्या माजुली बेटाचाही निम्म्याहून अधिक भाग शंभरेक वर्षांत नदीनं नेला आहे. आजींनी पात्राच्या मध्याकडे बोट दाखवलं. ''परवा तुम्ही आलात ना, ते आमच्या जुन्या शेतावरून.''

मी गप्प झालो. आम्हाला काठ म्हणजे टेकायची जागा. त्यांचा काठच दर काही वर्षांनी निघून जात होता. घर उतरवून होडीत घालता यावं, असंच बांधलेलं. आणि त्याच घरात त्यांनी एका अनोळखी आजारी माणसाला चुलीजवळची जागा दिली होती.

निघताना पैसे पुढं केले, ते आजींनी घेतले नाहीत. आमच्याकडचे पाण्याचे दोन रिकामे कॅन मात्र मागून घेतले. पुरात पिण्याचं पाणी साठवायला लागतात, म्हणाल्या.

गुवाहाटीला आम्ही चौदाव्या दिवशी पोचलो. चौघेही. होडीतून उतरताना मी खुरांची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना आठवेना.

श्रोतेहो, एसटीत 'विनंती थांबा' असतो. हात केला तरच तिथं गाडी थांबते. तीस वर्षं मला वाटायचं, या थांब्यांनीच गाड्यांना उशीर होतो. आता वाटतं, तिथं हात करून उभ्या असलेल्या माणसाला काय घाई असेल, हे मी कधी विचारलंच नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)