टपालानें येणारें मत

गेल्या निवडणुकीच्या वेळीं वाईस आमच्या गंगापुरींतील एका माउलीनें विचारलें, “गुरुजी, माझ्या पोराचें मत धरतील ना?” पोरगा सरहद्दीवर. सातारा जिल्ह्यांत अशीं घरें पुष्कळ. २०१६ पासून सैनिकाकडे मतपत्रिका संगणकाद्वारें जाते. परत मात्र टपालानेंच येते, व मोजणीच्या ठरल्या वेळेपूर्वीं पोंचावी लागते. मत आंतल्या बंद पाकिटांत, प्रतिज्ञापत्र निराळें. त्यावर सही व अधिकाऱ्याचें साक्षांकन नसेल, अथवा त्यांतील मतपत्रिकेचा क्रमांक पाकिटावरील क्रमांकाशीं जुळत नसेल, तर आंतलें पाकीट उघडीतच नाहींत. नियम कठोर खरा. पण बनावट मतास दुसरा अटकाव कोणता? मीं म्हटलें, “काकू, पाकीट टाकण्यापूर्वीं साहेबांची सही घे, असें त्याला कळवा.”