आधी वापरा, मग सांगा

आम्ही घाटकोपरमध्ये बचत गटांचं काम पाहतो. परवा बैठक संपल्यावर एका ताईंनी विचारलं, "लेकीला नोकरीचं पत्र आलंय. हुद्दा लिहिलाय टेक्नॉलॉजी इव्हँजेलिस्ट. हे काय असतं हो? विक्रीचंच काम ना?"

प्रश्न चांगला होता, म्हणून आज त्यावरच बोलू.

इव्हँजेलिस्ट म्हणजे शुभवर्तमान सांगणारा. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश संगणक आला, तेव्हा त्यावर चालणारे प्रोग्रॅम थोडेच होते. गाय कावासाकी आणि त्यांचे सहकारी प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना भेटून या संगणकासाठी काम करा, असं पटवत. संगणकाच्या धंद्यात हे नाव तेव्हापासून रुळलं.

पण काम आपल्याला नवं नाही. १९६३च्या सुमारास मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरनी सुमीत मिक्सरची सुरुवात केली. कारण घरातलंच. पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही. पाट्यावर वाटणाऱ्या बाईला असं यंत्र नुसत्या कौतुकानं पटत नाही. वाटण बोटावर घेऊन पाहिलं, की पटतं. ते करून दाखवणं, हेच हे काम.

आता आमचा अनुभव ऐका. आमच्या पापड-मसाल्याच्या गटाकडे एका कंपनीची मुलगी आली. पैसे आले की बोलणारा साउंडबॉक्स छान दाखवून गेली. त्याचं महिन्याचं भाडं मात्र तिनं सांगितलं नाही. खात्यातून पैसे कापले गेले, तेव्हा बायका आमच्यावरच चिडल्या. चूक आमचीही होती, आम्ही विचारलंच नव्हतं. त्यानंतर कित्येक महिने मोबाईलवरून पैसे घ्यायचं नावच कोणी काढेना.

मग गटातल्याच एका ताईंची मुलगी आली. साकीनाक्याच्या एका छोट्या कंपनीत ती दुकानांच्या बिलिंगचा प्रोग्रॅम दाखवायचं काम करते. तिनं सरळ सांगितलं, "दिवसाला चार गिऱ्हाइकं असतील तर साउंडबॉक्स नको, कागदावरचा क्यूआर पुरे. आणि पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर तो फसवतोय. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा." त्या दिवशी तिनं काहीच विकलं नाही. पण दिवाळीत विक्री वाढली, हिशेब हाताबाहेर गेला, तेव्हा बायकांनी तिलाच बोलावलं आणि तिचा प्रोग्रॅम घेतला.

या धंद्यात आपल्या शब्दाची पत हेच भांडवल. वस्तू कुठे उपयोगी नाही, हे सांगायची हिंमत असेल, तर ती उपयोगी आहे हे लोक ऐकतात.

मुलींनो, सुरुवात अशी करा. एकच वस्तू निवडा आणि महिनाभर स्वतः वापरा. दहा मिनिटांत ती दाखवता आली पाहिजे, नेट गेलं तरी. लोक काय विचारतात ते वहीत लिहा आणि वस्तू बनवणाऱ्यांपर्यंत पोचवा. नुसत्या विक्रेत्यात आणि तुमच्यात फरक पडतो तो इथे. मोठ्या कंपन्या बहुतेकदा इंजिनियरिंगची पदवी मागतात. छोट्या कंपनीत दुकानदाराशी मराठी, हिंदी, गुजरातीत नीट बोलणाऱ्या पदवीधर मुलीलाही वाव असतो. तिथे तांत्रिक बाजू शिकत राहिलात, तर पुढची दारं उघडतात.

त्या ताईंना आम्ही इतकंच म्हटलं, पत्र पुन्हा वाचा. पगार ठरलेला आहे की विक्रीवर अवलंबून? वस्तू शिकायला किती दिवस मिळणार? हे लेखी घ्या. आणि लेकीला सांगा, जी वस्तू स्वतःच्या आईला घ्यायला सांगणार नाही, ती दुसरीच्या आईच्या गळ्यात मारू नकोस.