वानराचे घर झाडावर



सन २०२१ च्या डिसेंबर महिन्यात बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावाचे नाव देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकले. गावात आलेली वानरे कुत्र्यांची लहान पिले उचलून झाडांच्या शेंड्यांवर व घरांच्या माळवदांवर नेत. तेथून पडून वा उपासमारीने पिले मरत. मेलेल्या पिलांचे निरनिराळे आकडे सांगण्यात आले आणि ‘वानरांनी सूड घेतला’ ही गोष्ट दूरवर पसरली. अखेर नागपूरहून आलेल्या वन विभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून नागपूरकडील जंगलात सोडण्यासाठी नेली. प्रकरण मिटले, परंतु प्रश्न मिटला नाही. वानर गावात का येते, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम त्याचे शरीर कोणत्या जीवनासाठी घडले आहे, हे पाहावयास हवे.

आपल्याकडे माकड आणि वानर हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. पण हे प्राणी भिन्न आहेत. माकड लालसर तोंडाचे व गालांत पिशव्या असलेले. हाती लागलेले खाद्य ते घाईने गालांत कोंबते. वानर काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे, लांब शेपटीचे. त्याच्या गालांत पिशव्या नसतात. त्याचे भांडार गालात नसून पोटात आहे.

वानराच्या मागील पायांची लांबी हातांपेक्षा अधिक असते. स्नायूंनी भरलेले हे पाय त्याला फांदीवरून दूर फेकतात. बारा-पंधरा फुटांचे अंतर ते एका झेपेत ओलांडते. उंच फांदीवरून खाली झेपावताना याच्या दुपटीहून अधिक अंतर सहज कापते. हाताची बोटे लांब व आकड्यासारखी वळणारी, तर अंगठा अगदी आखूड असतो. फांदी धरताना लांब अंगठ्याची अडचणच व्हावयाची. शेपूट धडाहूनही लांब. मात्र तिने फांदी पकडता येत नाही. दक्षिण अमेरिकेतील काही माकडे शेपटीने लोंबकळतात, आपले वानर तसे करीत नाही. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याच्या हातातील काठी जे काम करते, तेच काम ही शेपूट करते. ती शरीराचा तोल राखते.

झेप घेण्यापूर्वी अंतराचा अचूक अंदाज हवा. वानराचे दोन्ही डोळे समोर असल्यामुळे दोहोंनी मिळून एकच दृश्य दिसते आणि त्यातून खोली उमगते. त्याला रंगही चांगले ओळखता येतात. हिरव्या पर्णसंभारात तांबूस कोवळी पालवी व पिकलेले उंबर त्याच्या चटकन नजरेस पडते. रात्र ते उंच झाडावर बसून काढते. त्यासाठी निसर्गाने त्याच्या बुडाला जाड कातडीचे घट्टे दिले आहेत.

परंतु वानराचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे पोट. जून पाला पचविणे बहुतेक माकडांना साधत नाही. वानराचे जठर मोठे व अनेक कप्प्यांचे असून त्यात असंख्य सूक्ष्म जीव वस्ती करतात. गाई-म्हशींच्या पोटात ज्याप्रमाणे वैरण आंबते, त्याप्रमाणेच येथे पाला आंबून त्याचे अन्न बनते. काही पाने व बिया यांतील कडू, विषारी द्रव्येही या क्रियेत निष्प्रभ होतात. कोवळी पाने, फुले, फळे यांतून पाणीही मिळते. त्यामुळे इतर प्राणी पाणवठ्यावर धाव घेतात तेव्हाही वानर बराच काळ तग धरू शकते. बालाघाटाच्या डोंगररांगांतील पानगळीच्या, कोरड्या व विरळ रानात हा प्राणी टिकून राहिला, याचे इंगित येथेच आहे.

त्याची समाजरचनाही झाडावरील जीवनाला साजेशीच आहे. वानराचे नवजात पिलू काळपट रंगाचे असते. जन्मल्यावर थोड्याच वेळात ते एका मादीकडून दुसरीकडे जाऊ लागते. टोळीतील इतर माद्या त्याला उचलतात, कुरवाळतात, घेऊन झाडावर चढतात. पिलू मुठीत केस घट्ट पकडून पोटाला बिलगलेले असते. म्हणून आई झेपावली तरी ते पडत नाही.

आता लवूळकडे पुन्हा पाहावे. पिलू उचलून उंचावर नेणे हे वानराच्या जगात नित्याचेच कृत्य आहे. कुत्र्याच्या पिलाच्या पंजाला मात्र पकड नाही, झाडाचा पाला त्याचे अन्न नाही आणि आईचे दूध झाडाच्या शेंड्यावर मिळत नाही. तेथील प्रत्येक वानराच्या मनात काय होते, हे कोणी सांगू शकणार नाही. तथापि पिले खाण्यासाठी नेली जात नव्हती, हे निश्चित; वानराचा आहार मुख्यतः वनस्पतीचा आहे. जी गोष्ट सूड म्हणून सांगितली गेली, तिचे मूळ झाडावर रुजलेल्या स्वभावात असणे अधिक संभवते. ग्रामस्थांचे भय मात्र खरे होते, आणि मुक्या जिवांचे हालही खरे होते.

मग वानर झाड सोडून गावात का येते? जमिनीवर चालणे त्याला नवे नाही. त्याच्या गोत्रातील बहुतेक प्राणी क्वचितच खाली उतरतात. वानर मात्र दिवसाचा बराच वेळ जमिनीवर वावरू शकते. परंतु विश्रांतीला, झोपेला आणि संकटकाळी त्याला उंच झाड लागतेच. बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा असून येथील वनक्षेत्र अत्यल्प आहे. बांधावरचे आंबे, नदीकाठची उंबरे आणि रस्त्याकडेचे जुने वड कमी होत गेले, तसतशी या फांदीवरून त्या फांदीवर जाणारी वाट तुटली. उरलेली मोठी झाडे गावठाणात व देवळांच्या आवारात आहेत. वानर त्या झाडांच्या आश्रयाने येते आणि समोर हरभरा व भुईमूग दिसला की शेतात उतरते. शेतकऱ्याचे होणारे नुकसान यामुळे हलके ठरत नाही. पण कारण कळल्यावाचून उपाय सापडत नाही.

पहिला उपाय प्रत्येकाच्या हातचा आहे. श्रद्धेने वा कौतुकाने वानराला पोळ्या, फुटाणे, बिस्किटे देऊ नयेत. पाला आंबविणाऱ्या पोटाला असे पिठूळ, गोड अन्न मानवत नाही. शिवाय माणसाची भीती एकदा चेपली की वानर हातातील पिशवीही ओढते. दुसरे असे की, उपद्रव वाढल्यास स्वतः दगड, फासे वा विष यांचा अवलंब न करता वन विभागास कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्यास संरक्षण आहे.

तिसरा उपाय दूरचा, परंतु टिकाऊ आहे आणि तो म्हणजे वृक्ष. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात ३२ एकर जमीन दप्तरी माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ साली सर्वांना ज्ञात झाले. त्या जागेवर वन विभागाने वृक्षलागवडही केली होती. खुद्द बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराईच्या वतीने फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वटवृक्षास देण्यात आले. ही निवड वानराच्या दृष्टीनेही सार्थ म्हणावी लागेल. वड, पिंपळ, उंबर ही झाडे निरनिराळ्या वेळी फळतात. इतर रान उघडेबोडके असते तेव्हा पाखरांना व वानरांना त्यांचाच आधार असतो.

गावोगावच्या गायरानात, ओढ्यांच्या काठी आणि टेकड्यांच्या उतारावर वस्तीपासून दूर अशी देशी झाडे लावून, पहिली काही वर्षे पाणी घालून जगविली पाहिजेत. झाड वाढावयास एक पिढी लागते. तोवर राखण, तक्रार व बंदोबस्त चालूच राहतील. पण पकडून दूर सोडलेल्या वानरांच्या जागी उद्या दुसरी येतील. त्यांचे पाय, हात, डोळे आणि पोट झाडच शोधीत राहणार. ते त्यांना रानात मिळावे, की गावाच्या माळवदाशेजारी, याचा निर्णय मात्र गावाच्या हाती आहे.