ग्राफिक्स कार्ड स्वस्त झाले, मग पीसी कधी बदलायचा?

२९ मार्च २०२२ रोजी एनव्हिडिया कंपनीने आरटीएक्स ३०९० टीआय हे त्या वेळचे आपले सर्वांत महागडे गेमिंग कार्ड बाजारात आणले. किंमत होती १,९९९ डॉलर. त्याच वर्षी ऑगस्ट सरता सरता तेच कार्ड अमेरिकेतल्या दुकानांत १,१०० डॉलरच्या आसपास मिळू लागले. कार्डाची चिप तीच, मेमरी तीच, पंखेही तेच. पाच महिन्यांत गिऱ्हाईक मात्र पांगले होते.

हे गिऱ्हाईक कोण होते, ते आधी पाहायला हवे. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आले, तेव्हा त्याची जाहीर किंमत ६९९ डॉलर होती. त्या किमतीला ते फार थोड्यांच्या हाती लागले. कोविडमुळे लोक घरात अडकलेले, चिपचा जगभर तुटवडा, आणि त्यात इथर या आभासी चलनाचा भाव चढत चाललेला. त्या काळी ग्राफिक्स कार्डावर अखंड आकडेमोड चालवून इथर कमावता येत असे. यालाच मायनिंग म्हणतात. गेम खेळणारा मुलगा एक कार्ड विकत घेतो. मायनिंग करणारा एका शेडमध्ये शेकड्यांनी लावत असे. २०२१ मध्ये ३०८० ई-बेवर दुपटीहून जास्त दराने विकले जात होते. फेब्रुवारीत ३०६० आणताना कंपनीने इथर मायनिंगचा वेग मुद्दाम निम्म्यावर आणून ठेवला, पण पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरमुळे तो अडसर निघाला. किमती काही खाली आल्या नाहीत.

त्या आल्या २०२२ मध्ये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ४,८०० डॉलरच्या आसपास गेलेला इथर जून २०२२ मध्ये हजारावर घसरला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथर चालवणाऱ्या इथेरियम या संगणकांच्या जाळ्याने हिशेब राखण्याची पद्धतच बदलली आणि ग्राफिक्स कार्डाची गरज एका दिवसात संपली. या जाळ्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. हजारो कार्डे जुन्या मालाच्या बाजारात उतरली. एनव्हिडियाची गेमिंग विक्री एका तिमाहीत आदल्या वर्षीच्या तुलनेत ३३ टक्क्यांनी पडली. ईव्हीजीए या नावाजलेल्या कंपनीने तर ग्राफिक्स कार्डांचा धंदाच सोडला. २०१८ मध्येही इथर कोसळल्यावर दुकानांत कार्डांचे ढीग साचले होते, त्यामुळे जाणकारांना यात नवल वाटले नाही.

भारतातल्या ग्राहकापर्यंत ही स्वस्ताई मात्र अर्धीमुर्धीच पोहोचली. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या खाली होता, ऑक्टोबरात तो ८२ च्या वर गेला. त्याच महिन्यात १,५९९ डॉलरचे आरटीएक्स ४०९० आले. ८२ ने गुणले, तर झाले १ लाख ३१ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी चढवला की आकडा १ लाख ५५ हजारांजवळ जातो. यात दुकानदाराचा नफा अजून धरलेलाच नाही. म्हणून परदेशातल्या घसरणीची बातमी वाचून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलेल्या माणसाला तिथला भाव वेगळा दिसतो, आणि त्यात दरवेळी दुकानदाराचीच लबाडी असते असे नाही.

आता मुख्य प्रश्न: भाव उतरले, म्हणून कार्ड बदलावे का?

उत्तर घरच्या पीसीत शोधायला हवे. पुष्कळांच्या टेबलावर १९२० बाय १०८० चा, सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा मॉनिटर असतो. कार्डाने १४० चित्रे तयार केली तरी तो ६० च दाखवणार. अशा मॉनिटरला ४०९० जोडणे म्हणजे निव्वळ पैसा वाया घालवणे. दुसरा प्रश्न प्रोसेसरचा: तो कार्डाला पुरेसे काम पुरवतो का? टाकीतून येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल, तर नळ कितीही मोठा बसवला तरी धार तेवढीच. हे तपासायला पैसे लागत नाहीत. गेम चालू असताना रिझोल्यूशन कमी करून पाहावे. एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांचा आकडा, झटकन वाढला, तर जुने कार्ड खरोखरच दमले आहे. एफपीएस जागच्या जागी राहिला, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतोय आणि नव्या कार्डाने फारसे काही साधणार नाही. कार्डासाठी वर्षभर पैसे साठवणाऱ्या कॉलेजच्या मुलाने ही चाचणी खरेदीच्या आदल्या दिवशी तरी करावीच.

मदरबोर्डही पाहावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने १९९ डॉलरचे आरएक्स ६५०० एक्सटी आणले. ते कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन वापरते. नव्या, चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते बरे चालते, पण तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर त्याचा वेग चांगलाच घटतो. स्वस्त कार्ड घेऊन जुना पीसी सुधारायचा, असा विचार करणाऱ्याच्याच पीसीत ते सर्वांत जास्त मार खाते. डब्यावरची किंमत पाहून हे कळत नाही.

मग पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस. आरटीएक्स ३०८० एकटे ३२० वॉट खाते आणि कंपनी त्यासाठी ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. आरएक्स ६६०० चे काम १३२ वॉटमध्ये भागते, त्याला ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरतो. जुन्या कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस बदलावा लागला, तर कार्डावर वाचलेले पैसे तिथे जातात. तो खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरलेला बरा.

ज्यांचे पोट किंवा शिक्षण या पीसीवर अवलंबून आहे, त्यांचे गणित निराळे. आर्किटेक्चर किंवा ॲनिमेशन शिकणारी मुलगी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावते, तेव्हा कार्डाच्या मेमरीत अख्खे दृश्य मावले नाही, तर काम रेंगाळते किंवा अडते. तिच्यासाठी १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० हे ८ जीबीच्या, अधिक वेगवान ३०७० पेक्षाही अधिक उपयोगी ठरू शकते. एका रेंडरला रात्र लागत असेल आणि नव्या कार्डावर तेच काम दोन तासांत उरकत असेल, तर तिने भाव आणखी उतरण्याची वाट पाहत बसू नये. वाया जाणाऱ्या रात्रीही खर्चातच धरायच्या असतात.

हौसेने खेळणाऱ्याला मात्र थांबायला भरपूर जागा आहे. जुलै २०१६ मध्ये आलेले जीटीएक्स १०६० स्टीम या गेम विकणाऱ्या मंचाच्या पाहणीत वर्षानुवर्षे, अगदी २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत सर्वाधिक वापरले जाणारे कार्ड होते. जून २०२१ मध्ये एएमडीने एफएसआर आणले. कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवणारे हे तंत्र प्रतिस्पर्धी कंपनीच्या त्या १०६० वरही चालते. त्याला आधार देणाऱ्या गेममध्ये जुन्या कार्डाला आणखी एखादे वर्ष सहज मिळते, आणि तेही फुकट.

राहिली सेकंड-हँड कार्डे. मायनिंगला वापरलेले कार्ड म्हणजे भंगार, ही समजूत तितकीशी खरी नाही. बरेच मायनिंगवाले विजेचे बिल वाचवण्यासाठी कार्ड कमी व्होल्टेजवर चालवत, त्यामुळे चिपवर फार ताण येत नसे. झिजतात ते पंखे, आणि वाळतात ते थर्मल पॅड. ३०८० आणि ३०९० ची मेमरी मुळातच तापट, म्हणून या दोन कार्डांच्या बाबतीत जास्त जपायला हवे. विकणाऱ्याकडे बसूनच अर्धा तास एखादा जड गेम चालवून घ्यावा, मेमरीचे तापमान बघावे, पंख्याची घरघर ऐकावी. मूळ बिल मागावे आणि त्यावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी ताडून पाहावा. काही कंपन्या सिरियल नंबरवरच वॉरंटी देतात, काहींना बिलही लागते. कोणत्या कंपनीचा नियम काय, हे तिच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारावे आणि मगच पैसे मोजावेत.