मैफलीचे ध्वनिमुद्रण : यंत्र निवडावे ते कोणासाठी?

(आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेला मजकूर)

 

आपल्या संगीत मंडळाने शास्त्रीय संगीताच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी दोन ट्रॅकचा एक लहान रेकॉर्डर विकत घेण्याचे ठरविले आहे. तो कोणता घ्यावा याविषयी आपल्यात दोन मते आहेत. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हा खर्च कशाला, असे काहींचे म्हणणे आहे. घ्यावयाचाच तर बाजारातील सर्वांत महाग घ्यावा, असे इतरांचे म्हणणे आहे. मी या शास्त्रातील पंडिता नव्हे. मुंबईत परिचारिकेची पदविका घेतली आणि पुढे या देशात येऊन रुग्णालयांतच आयुष्य घालविले. निवृत्तीनंतर मात्र मैफलींत रेकॉर्डर लावून बसण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या अनुभवावरून चार शब्द सांगण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगते. रेकॉर्डर हा मैफलीस हजर असलेल्यांसाठी घ्यावयाचा नसतो. त्यांनी गाणे ऐकलेलेच असते. जो आज येथे नाही, कदाचित अद्याप जन्मलेलाही नाही, त्याच्यासाठी तो घ्यावयाचा असतो. हे ध्यानी ठेवले की निवड पुष्कळ सोपी होते.

प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला आपल्या संगीतात एवढे महत्त्व का, हे प्रथम पाहू. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज तबकड्यांसाठी मुद्रित झाला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. ज्या ख्यालाचा विस्तार होण्यास पाऊण तास, तास लागतो, तो तीन मिनिटांत आटोपावा लागे. त्या पिढीतील थोर गवयांनी बैठकीत राग कसा उलगडला असेल, याची आज आपण केवळ कल्पना करू शकतो. पुढे फितीची यंत्रे आली, १९६३ मध्ये कॅसेट आली, आणि रसिकांनी स्वतःच्या हौसेने मैफली टिपून ठेवल्या. पूर्ण फुललेला राग पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचला, त्यात अशा खासगी ध्वनिमुद्रणांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्या या देशातही असे घडले आहे. अब्राहम झ्वी इडेलसोन यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी जेरुसलेममध्ये निरनिराळ्या यहुदी समाजांचे सूर यंत्रावर टिपले. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील ध्वनिसंग्रह १९६४ पासून हेच कार्य करीत आहे. गाणारे गेले, पण त्यांचे सूर आजही ऐकता येतात.

आता आपल्याकडे येऊ. पुढच्या मैफलीत हार्मोनियमच्या साथीला जे काका बसणार आहेत, त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. बोटे चालतात तोवर वाजवीन, असे ते म्हणतात. त्यांच्या वादनाचा आज आपल्यापाशी एकच नमुना आहे, आणि तो कोणीतरी एका समारंभात मोबाईलवर घेतलेला आहे. तो मी ऐकला आहे. तबल्यावर जोरकस थाप पडली की हार्मोनियम एकाएकी दबते, आणि गायक श्वास घेण्यास थांबला की सभागृहातील पंख्याची घरघर वर येते. काकांचा हात असा नाही, हे आपण जाणतो. त्यांच्या पणतवंडांना ते कसे कळावे? वाईट ध्वनिमुद्रण कलाकारावर अन्याय करते, आणि त्याचे निवारण करण्यास पुढे कोणी उरत नाही.

मोबाईलकडून असे का होते? तो मुळात संभाषणासाठी घडविलेला आहे. बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून तो लहान आवाज आपोआप वाढवितो आणि मोठा आवाज आपोआप कमी करतो. शिवाय एकसारखा चालणारा नाद हा त्याच्या हिशेबी गोंगाट असतो, म्हणून तो त्याला दाबू पाहतो. आणि तानपुरा तर एकसारखाच चालतो! विलंबित ख्यालातील हळुवार आलाप आणि द्रुत तान यांमधील अंतर हाच गाण्याचा प्राण असतो, आणि ही आपोआप चालणारी योजना नेमका तोच काढून घेते. म्हणून रेकॉर्डर घेताना पहिली कसोटी ही, की आवाजाचे हे आपोआप चढउतार करणे पूर्णपणे बंद ठेवता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न दोन ट्रॅकचा. चार, सहा ट्रॅकची यंत्रे मिळतात. त्यांत प्रत्येक वाद्य वेगळे टिपता येते, परंतु ते सारे नंतर कुशल हाताने एकत्र करावे लागते. तसे हात आपल्या मंडळात नाहीत, आणि न जुळविलेले ट्रॅक पडून राहतात. मनुष्याला कान दोन आहेत. दोन माइक योग्य ठिकाणी ठेवले तर मैफल संपते त्या क्षणीच ध्वनिमुद्रणही पूर्ण झालेले असते.

तिसरी कसोटी माइकची. परिचारिकेच्या स्टेथोस्कोपला दोन बाजू असतात. पसरट बाजूने उंच स्वराचे ध्वनी नीट ऐकू येतात आणि वाटीसारख्या बाजूने खालच्या स्वराचे. रेकॉर्डरच्या माइकचेही दोन मुख्य प्रकार आहेत. काही माइक सर्व दिशांनी सारखे ऐकतात. त्यांत डग्ग्याचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाचा नाद भरदार येतो, पण पाठीमागचा खोकलाही तितकाच येतो. काही माइक मुख्यतः समोरचे ऐकतात. त्यांत श्रोत्यांची कुजबुज कमी येते, पण दूर ठेवल्यास खर्ज पातळ होतो. टॅस्कॅमच्या डीआर-०५एक्स या यंत्रातील माइक पहिल्या प्रकारचे आहेत, तर डीआर-०७एक्स मधील दुसऱ्या प्रकारचे. आपल्या सभागृहात लहान मुले असतात, खुर्च्या सरकतात. तेव्हा आपल्याला दुसरा प्रकार बरा.

चौथी गोष्ट पातळीची. रेकॉर्डर पेलू शकेल त्याहून मोठा आवाज आला की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. म्हणून वाद्ये जुळविताना तबलजींना सर्वांत जोरकस थाप वाजविण्याची विनंती करावी, त्या वेळी काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी ठेवावी, आणि मग मैफल संपेपर्यंत बटणास हात लावू नये. चोवीस बिटांच्या ध्वनिमुद्रणात एवढी मोकळी जागा सोडल्याने काहीही हानी होत नाही.

अलीकडे बत्तीस बिट फ्लोट नावाची पद्धत आली आहे. झूमचा एच१ इसेन्शिअल आणि एफ३ ही त्या पद्धतीची यंत्रे आहेत. त्यांत पातळी आधी ठरवावी लागत नाही. नंतर संगणकावर आवाज कमी-अधिक केला तरी तो फाटत नाही. आपल्यासारख्या हौशी मंडळींना हे मोठेच वरदान आहे. तथापि माइकच्या स्वतःच्या शक्तीबाहेरचा आवाज आला तर तो फाटणारच, आणि माइक चुकीच्या जागी ठेवला तर कोणतीही पद्धत त्यास वाचवीत नाही. एफ३ मध्ये स्वतःचे माइक नाहीत. ते वेगळे घ्यावे लागतात, आणि तेथे खर्च वाढतो. एच१ इसेन्शिअल लहान आहे, त्यास दोन छोट्या बॅटऱ्या लागतात, आणि त्यातील मेनू बोलून दाखविण्याची सोय असल्यामुळे मंद दृष्टीच्या मनुष्यासही तो चालविता येतो.

पाचवी कसोटी यंत्राच्या स्वतःच्या सुरसुरीची. प्रत्येक रेकॉर्डरमध्ये एक बारीक सुरसुर असते. आपल्या मैफलीत तानपुरा ती बरीचशी झाकून टाकतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या व्हायोलिन-चेलोच्या चौकडीत मात्र दोन स्वरांमध्ये शांतता असते, आणि तेथे ही सुरसुर उघडी पडते. या देशात दोन्ही प्रकारचे कार्यक्रम होतात, म्हणून दोहोंचा विचार केला पाहिजे.

येथे एक गोष्ट परिचारिका या नात्याने सांगते. वयोमानाप्रमाणे उंच स्वरांचे ध्वनी प्रथम ऐकू येईनासे होतात, आणि ही सुरसुर बहुतांशी तेथेच असते. आपण सत्तरी-ऐंशीतील माणसांनी दुकानात दोन यंत्रे कानाला लावून दोन्ही सारखीच, असा निर्वाळा देणे योग्य नाही. यंत्र पाहावयास जाताना पंधरा-सोळा वर्षांच्या नातवास किंवा नातीस बरोबर न्यावे, हेडफोन त्यांच्या कानी द्यावा, आणि त्यांचे मत मानावे. पुढे ऐकणारे तेच आहेत.

आता खर्चाविषयी. सर्व पैसा यंत्रात घालू नये. एक उंच, भक्कम स्टँड घ्यावा. या रेकॉर्डरना कॅमेऱ्याच्या स्टँडचा स्क्रू बसतो. रेकॉर्डर टेबलावर ठेवला तर टेबलाचा प्रत्येक ठोका त्यात उतरतो. कलाकारांपासून दोन ते तीन मीटरवर, बसलेल्या श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच आणि ध्वनिक्षेपकांच्या कर्ण्यांपासून दूर असा तो ठेवावा. एकदा दोन पावले पुढेमागे सरकवून ऐकून पाहा. महाग आणि स्वस्त यंत्रांत जेवढा फरक आहे, त्याहून अधिक फरक त्या दोन पावलांत आढळेल.

ध्वनिक्षेपणाच्या मिक्सरमधून थेट तार जोडावी, अशीही एक सूचना आली आहे. त्यात दोन अडचणी आहेत. मिक्सरचा आवाज लहान रेकॉर्डरच्या माइकच्या जोडणीस फार मोठा होतो आणि फाटतो. शिवाय मिक्सरवरचे प्रमाण सभागृहासाठी ठेवलेले असते. तबला मुळातच मोठा ऐकू येतो म्हणून त्याचा माइक तेथे लहान ठेवलेला असतो, आणि तारेतून घेतलेल्या आवाजात तबला जवळजवळ नाहीसाच होतो.

ध्वनिमुद्रण नेहमी वेव्ह प्रकारात करावे, एमपी३ मध्ये करू नये. अट्ठेचाळीस किलोहर्ट्झ आणि चोवीस बिट ठेवल्यास तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डात तीन तासांच्या दहा मैफली मावतात. तेव्हा जागेसाठी काटकसर करण्याचे कारणच नाही.

आपल्या मैफली बहुधा शब्बाथ संपल्यावर असतात. म्हणून बॅटरी भरणे, कार्ड रिकामे आहे का हे पाहणे, स्टँड जागेवर ठेवणे, ही सर्व कामे शुक्रवारी दुपारीच उरकावीत. हावदालानंतर धावपळ करून केलेली तयारी विश्वासाची नसते. वॉर्डात आम्ही पाळी सुरू होताच प्राणवायूचा सिलिंडर आणि शोषणयंत्र तपासून पाहत असू. संकट आल्यावर तपासण्यास वेळ नसतो. मैफलही पुन्हा होत नाही. अधिकची बॅटरी, अधिकचे कार्ड आणि यंत्र चालविता येणारी दुसरी व्यक्ती, ही तीन माझ्या मते अत्यावश्यक आहेत.

ध्वनिमुद्रण सुरू करताच प्रथम तारीख, स्थळ, कलाकार आणि साथीदार यांची नावे स्वतः उच्चारून नोंदवावीत. नाव नसलेली फाईल ही नावाची पट्टी नसलेल्या रुग्णासारखी असते. त्याच रात्री दोन निरनिराळ्या घरी दोन प्रती ठेवाव्यात, आणि तोवर कार्ड पुसू नये. मूळ प्रतीत कोणताही फेरफार करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कलाकाराची परवानगी आधी घ्यावी. ते ध्वनिमुद्रण कोणास द्यावे आणि कोणास नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे.

तेव्हा माझी मंडळास नम्र सूचना अशी : दोन ट्रॅकचा, समोरचे ऐकणारे माइक असलेला, बत्तीस बिट फ्लोट पद्धतीचा एक साधा रेकॉर्डर घ्यावा. उरलेल्या पैशांतून स्टँड, हेडफोन आणि दोन कार्डे घ्यावीत. आपल्या तरुण मुलामुलींपैकी दोघांना हे काम शिकवावे. मी शिकविण्यास तयार आहे. काकांची मैफल पुढील महिन्यात आहे, म्हणून निर्णय आजच्या सभेतच व्हावा, अशी विनंती करते.