तिशीनंतरचे मुरूम
तारुण्यपीटिका तारुण्याबरोबरच रजा घेतात, असा जो सार्वत्रिक समज आहे, त्याला तिशी-चाळिशीतल्या कित्येक चेहऱ्यांवर, विशेषतः स्त्रियांच्या हनुवटीवर व जबड्याच्या कडेला, पाळीच्या आधल्या आठवड्यात उठणारे दुखरे मुरूम खोटे पाडीत असतात. तक्रार सौम्य असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे २.५ टक्क्यांचे बेंझॉइल पेरॉक्साइड पातळसर लावून त्यास ८ ते १२ आठवड्यांची मुदत खुशाल द्यावी. उशीच्या रंगीत अभ्र्याचा रंग त्याने उडतो, एवढे मात्र आधीच ध्यानी घ्यावे. शेजारणीच्या शिफारशीने आणलेले स्टेरॉइडमिश्रित ‘गोरेपणाचे’ मलम हे माझ्या मते निव्वळ अरिष्ट होय: आरंभी कांती उजळते, आणि पुढे त्वचा पातळ व लाल होऊन पुळ्यांची नवी फौज उभी राहते.

परंतु खोलवर गाठी ठणकू लागल्या, खळगे मागे राहू लागले, किंवा मुरुमांच्या जोडीस पाळीची अनियमितता आणि हनुवटीवर राठ केस दिसू लागले, तर मुदतीची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. तेथे गर्भधारणेचा विचार असल्यास तो पहिल्याच भेटीत सांगावा. कारण अशा मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे गुणकारी औषध गर्भास अत्यंत घातक आहे.