टायटनवरचा पाऊस

ढग आले म्हणजे पाऊस आला असं नाही, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. जुलैत आभाळ भरून येतं आणि ढग तसेच पुढे जातात. मग सप्टेंबरात एखाद्या दुपारी विजांसकट असा कोसळतो की ओढे दुथडी भरतात. शनीच्या टायटन या चंद्रावर हीच गत आहे, फक्त तिथली वाट वर्षानुवर्षांची.

तिथली हवा मुख्यतः नायट्रोजनची, दाब आपल्या दीडपट आणि थंडी उणे १७९ अंश. पाणी दगडासारखं गोठलेलं; ढग होतात ते मिथेनचे. हवेतलं सगळं मिथेन एकदम खाली उतरलं, तर सुमारे पाच मीटरचा थर साचेल. आपल्या हवेतली वाफ अशी उतरवली तर दोन-तीन सेंटिमीटरच भरते! तरीही टायटनच्या विषुववृत्तावर वाळवंट आहे. कारण ढग उभा राहायला खालून उष्णता लागते, आणि तिथल्या जमिनीवर पोहोचणारं ऊन आपल्या साधारण हजारावा हिस्सा.

शनीचं वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, म्हणजे एकेक ऋतू सात वर्षांहून मोठा. ऑगस्ट २००९ मध्ये तिथे वसंत लागला. सप्टेंबर २०१० मध्ये कॅसिनी यानाला विषुववृत्ताजवळ बाणाच्या आकाराचं प्रचंड वादळ दिसलं. त्यानंतर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन काळसर पडली. ती ओल महाराष्ट्राहून मोठ्या मुलखावर होती.

थेंब मात्र सावकाश येतात. गुरुत्वाकर्षण आपल्या सातवा हिस्सा, हवा दाट. त्यामुळे सेंटिमीटरभर जाडीचा थेंब माणसाच्या चालीने खाली उतरतो. तरी त्या पावसात जोर आहे. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान उतरलं, तेव्हा वाहत्या ओघाने घासून गोल झालेले बर्फाचे गोटे त्याच्यासमोर पडले होते.

आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूरच्याच आभाळात ढगांवर प्रयोग केले. विमानांनी ढगांच्या तळाशी ओल धरणारे क्षारकण सोडले. काही भागात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. पण त्यासाठी योग्य ढग आधी उभा असावा लागतो; निरभ्र आभाळातून पाऊस काढता येत नाही. माझ्या मते दुष्काळी जिल्ह्याने हे पक्कं ध्यानात ठेवावं.

टायटनची हवा जागेवर मोजायला नासाचं ड्रॅगनफ्लाय हे उडतं यान २०२८ मध्ये निघायचं आहे. ते २०३४ मध्ये पोहोचेल.